घरातला अँटेना आणि मधला घाट: नाशिकच्या एका फ्लॅटचं प्रकरण

इंदिरानगरमधला तिसऱ्या मजल्यावरचा भाड्याचा फ्लॅट. राहणारे दोघंच, काका आणि काकू, सत्तरी ओलांडलेले. आयुष्य परळला गेलं, आता लेक नाशिकला म्हणून तेही इथे आले. मागणी अगदी साधी होती. टीव्ही फुकट दिसावा, दर महिन्याचं रिचार्ज नको, घरमालकाने भिंतीला भोक पाडायला बंदी केलेली म्हणून ड्रिल नको, आणि जे काही लावायचं ते घरातच बसावं.

मागणी अवाजवीही नव्हती. परळच्या खोलीत त्यांचं हे सगळं व्यवस्थित चालू होतं. टीव्हीत डीव्हीबी-टी२ ट्यूनर होता, म्हणजे दूरदर्शनचं जमिनीवरच्या मनोऱ्यावरून येणारं डिजिटल प्रक्षेपण बॉक्सशिवाय पकडण्याची सोय. खिडकीत वीतभर काडीचा अँटेना ठेवलेला. डीडी नॅशनल, डीडी न्यूज, डीडी भारती, डीडी स्पोर्ट्स आणि सह्याद्री, एवढं स्वच्छ दिसायचं. वरळीचा दूरदर्शनचा मनोरा तिथून अक्षरशः हाकेच्या अंतरावर आणि उंची ३०० मीटर. तिथे काडीच्या जागी भाजी परतायचा उलथना लावला असता तरी बहुधा चित्र आलं असतं.

नाशिकला टीव्ही तोच आणला, काडी तीच आणली. ऑटो स्कॅन केलं, चॅनेल शून्य. लेकीने मग ऑनलाइन एक पातळ, कागदासारखा चिकटवायचा अँटेना मागवला. सोबत यूएसबीवर चालणारा बूस्टर. खोक्यावर रेंज लिहिलेली १६० किलोमीटर. तरीही शून्य. तेव्हा मला बोलावणं आलं आणि काकांनी दारातच विचारलं, “भाऊ, टीव्ही बिघडलाय का अँटेना, एवढंच सांगा.”

दोन्हीपैकी काहीच बिघडलेलं नव्हतं. या प्रकारच्या तक्रारीत लोक नेहमी हातातल्या वस्तूपासून सुरुवात करतात, कारण ती वस्तू समोर असते. सुरुवात मात्र दुसऱ्या टोकापासून करायची असते: पकडायला काही आहे का?

मनोरा कुठे आहे

दूरदर्शनने डिजिटल जमिनी प्रक्षेपण फेब्रुवारी २०१६ मध्ये १६ शहरांत सुरू केलं. दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, गुवाहाटी, पाटणा, रांची, कटक, लखनौ, जालंधर, रायपूर, इंदूर, औरंगाबाद, भोपाळ, बंगळुरू आणि अहमदाबाद. यात महाराष्ट्रातली नावं दोनच, मुंबई आणि औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. पुणे नाही, नागपूर नाही, नाशिक नाही. यादी वाचून दाखवली तर काका म्हणाले, “रांचीला आहे आणि आपल्याकडे नाही?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मग जुना ॲनालॉग टीव्ही? तोही गेला. प्रसार भारतीने २०२१ आणि २०२२ मध्ये टप्प्याटप्प्याने देशभरातले ॲनालॉग टीव्ही प्रक्षेपक बंद केले. सीमाभाग आणि तशाच मोक्याच्या जागांवरचे सुमारे ५० तेवढे ठेवले. त्यामुळे टीव्हीच्या मेन्यूत डिजिटल सोडून ॲनालॉग स्कॅन केलं तरी नाशिकमध्ये हाती काही लागत नाही. पूर्वी निदान मुंग्या तरी दिसायच्या. आताचे टीव्ही त्याही दाखवत नाहीत, निळा पडदा आणि ‘सिग्नल नाही’ एवढंच.

खरं तर प्रकरण इथेच संपायला हवं होतं. पण खोक्यावरच्या १६० किलोमीटरने काकांच्या मनात घर केलेलं, आणि त्यांचा हिशेब चुकीचाही नव्हता. इंदिरानगरपासून वरळी सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आत-बाहेर. औरंगाबादचं प्रक्षेपण म्हैसमाळच्या डोंगरावरून होतं, तेही इथून सरळ रेषेत जवळपास तेवढंच. म्हणजे नाशिक दोन्ही मनोऱ्यांच्या बरोबर मधोमध, दोन्हीपासून दीडशे. खोक्यावर १६०. दहा किलोमीटर शिल्लकच! शिवाय काकांचा दुसरा मुद्दा आणखी बिनतोड वाटणारा: “मुंबई समुद्राला टेकलेली आणि नाशिक सहाशे मीटर उंचावर. उंचावर तर जास्त लांबचं दिसतं ना?”

हा मुद्दा मला आवडला, म्हणून मी त्यांच्याबरोबर जेवणाच्या टेबलावर नकाशा घेऊन बसलो.

टीव्हीच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात, क्षितिजापलीकडे किंचित वाकतात एवढंच. हिशेबाचं जुनं सूत्र आहे: उंचीचं मीटरमधलं वर्गमूळ गुणिले ४.१२ म्हणजे त्या उंचीचं रेडिओ-क्षितिज किलोमीटरमध्ये. ३०० मीटरच्या मनोऱ्याचं ७१ किलोमीटर येतं. तिसऱ्या मजल्यावरच्या, म्हणजे दहाएक मीटर उंचीच्या अँटेनाचं १३. बेरीज ८४. मधली जमीन पाट्यासारखी सपाट असती तरी वरळीहून ८४ किलोमीटरच्या पुढे सरळ दृष्टी नाही. आता काकांचे सहाशे मीटर हिशेबात धरू. तेवढी उंची मोकळी मिळाली तर क्षितिज नक्कीच लांब जातं, इगतपुरीच्या कड्यावर उभं राहिलं की कोकणाकडचा मुलूख दूरवर दिसतो तो त्याचमुळे. पण नाशिक कड्यावर नाही. कड्यापासून चाळीसेक किलोमीटर आत, पठारावर आहे. वरळी ते इंदिरानगर रेघ ओढली तर ती जवळपास कसारा घाटावरूनच जाते. घाटमाथ्याची किनार आणि तिच्यावरचे डोंगर मध्ये उभे. ते पार करून लहर शहरापर्यंत आलीच तर इंदिरानगरच्या नैर्ऋत्येला पांडवलेण्यांची टेकडी आहे, तीही जवळपास त्याच दिशेला. म्हैसमाळच्या बाजूला घाट नाही, मनोरा डोंगरावर आहे, पण तिथल्या आणि इथल्या जमिनीच्या उंचीतला फरक धरून क्षितिज शंभराच्या आसपासच संपतं.

काकांनी पेन्सिल खाली ठेवली. शेजारचे एक गृहस्थ चहाला आले होते, त्यांनी वेगळाच दाखला दिला. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे जुन्या काळी गच्चीवर उंच पाइप उभारून, माशाच्या काट्यासारखा अँटेना मुंबईकडे वळवून लोक टीव्ही बघायचे. बघतही असतील. पण ॲनालॉग आणि डिजिटल यांच्यात इथे मोठा फरक आहे. ॲनालॉगमध्ये सिग्नल कमी पडला की चित्र कमी दिसायचं: मुंग्या, सावल्या, फरफर, पण क्रिकेटचा चेंडू अंदाजाने कळायचा. डिजिटलमध्ये एका पातळीपर्यंत चित्र संपूर्ण शाबूत असतं आणि त्याखाली गेलं की काहीच नाही. मधली थोडीशी पट्टी असते, त्यात चित्राचे चौकोन पडतात. ‘थोडं तरी दिसेल’ ही सोय तंत्रज्ञान बदललं तेव्हाच गेली.

तरीही तपासून पाहिलं

कागदावरचं उत्तर काकांना पटलं होतं, काकूंना नाही. त्यांचं म्हणणं, बघितल्याशिवाय कशावरून? योग्यच होतं.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये देश भारत आहे की दुसराच काही, हे आधी पाहिलं, कारण चुकीच्या देशावर टीव्ही वेगळ्याच वारंवारता शोधत बसतो. स्रोत ‘केबल’ऐवजी ‘अँटेना’ केला. हे दोन घोटाळे मुंबईतही पुष्कळ घरांत सापडतात आणि तिथे तेवढं दुरुस्त केलं की काम होतं. मग काडीचा अँटेना, चिकटवायचा अँटेना, बूस्टरसह, बूस्टरशिवाय, खिडकीत, बाल्कनीत. शेवटी वॉचमनकडून किल्ली घेऊन लांब केबल गच्चीवर सोडली आणि अँटेना पाण्याच्या टाकीजवळ उभा धरला. काहीही नाही.

या सगळ्यात बूस्टरबद्दल चार वाक्यं लिहायला हवीत, कारण सर्वांत जास्त पैसे लोक त्याच्यावर घालवतात. बूस्टर सिग्नल तयार करत नाही. आलेला सिग्नल आणि आलेला गोंगाट, दोन्ही सारख्याच पटीत वाढवतो आणि स्वतःचा थोडा गोंगाट वर घालतो. कोरड्या विहिरीवर मोठा पंप बसवण्यातला प्रकार. त्याचा खरा उपयोग अँटेनापासून टीव्हीपर्यंतची केबल लांब असते किंवा एका अँटेनावर दोन-तीन टीव्ही जोडायचे असतात तेव्हा. परळच्या खोलीत तो लावला असता तर उलट ट्यूनर अति सिग्नलने गुदमरला असता.

अँटेनाचा आकार हाही तसाच विषय. टीव्हीचं डिजिटल प्रक्षेपण जिथे चालतं त्या साधारण ५०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात लहरीची लांबी ६० सेंटिमीटर असते, तिच्या अर्ध्या लांबीची म्हणजे ३० सेंटिमीटरची दोन फाट्यांची काडी तिथे उत्तम चालते. एवढ्या साध्या वस्तूवर ‘फोर-के’, ‘एचडी’ असं छापलेलं असतं. अँटेनाला चित्र किती स्पष्ट आहे याचा पत्ताच नसतो, त्याला फक्त लहर कळते. अशी खोकी बहुतेकदा परदेशी बाजाराच्या हिशेबाने छापलेली असतात. अमेरिकेत, ब्रिटनमध्ये मनोऱ्यावरून डझनावारी चॅनेल फुकट येतात, तिथे घरातल्या अँटेनाला अर्थ आहे. तेच खोकं इथल्या संकेतस्थळावर विकायला आलं की वाचणाऱ्याला वाटतं, भारतातही हेच असणार.

गच्चीवरून उतरताना काका म्हणाले, “पण रेडिओ तर येतो की.” खरंच येत होता. त्यांच्या ट्रान्झिस्टरवर आकाशवाणी नाशिक १०१.४ वर खणखणीत लागत होती. कारण तिचा प्रक्षेपक जवळ आहे, एवढंच. रेडिओ येतो यावरून टीव्हीचा मनोरा आहे असं ठरत नाही.

मग फुकट काय उरलं

पर्याय मांडताना मी खर्चाआधी एक प्रश्न विचारला: नेमकं बघायचं काय आहे? काकूंना सह्याद्री, बातम्या आणि एखादी मराठी मालिका. काकांना बातम्या आणि भारताचे क्रिकेट सामने.

केबल आणि खासगी डीटीएच दोन्ही बाद, कारण दरमहा बिल. इंटरनेटचा पर्याय मी मनापासून मांडला. प्रसार भारतीचं वेव्हज हे ॲप २० नोव्हेंबर २०२४ रोजी गोव्याच्या चित्रपट महोत्सवात सुरू झालं, त्यावर दूरदर्शनची चॅनेल थेट दिसतात. पण त्यांच्या घरात ब्रॉडबँड नव्हतं, लेकीच्या फोनच्या हॉटस्पॉटवर सगळं चाललेलं. ब्रॉडबँड घ्यायचं म्हणजे पुन्हा महिन्याचं बिल आलंच. शिवाय दर वेळी ॲप उघडा, प्रोफाइल निवडा, अपडेट मागतंय ते द्या, ही कसरत काकूंना नको होती. टीव्ही लावला की दिसला पाहिजे, हा त्यांचा हट्ट मला अजिबात जुनाट वाटत नाही.

क्रिकेटचा मुद्दा मात्र निर्णायक ठरला. राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं प्रक्षेपण खासगी वाहिन्यांनी प्रसार भारतीला द्यायचं, असा कायदा २००७ मध्ये झाला. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की असं मिळालेलं प्रक्षेपण दूरदर्शनने स्वतःच्या जमिनी मनोऱ्यांवरून आणि स्वतःच्या डीटीएचवरूनच दाखवायचं, केबल आणि खासगी डीटीएचवरच्या दूरदर्शनवर नाही. परळला काका सामने फुकट बघत होते त्यामागे हे होतं. नाशिकमध्ये जमिनी मनोरा नाही. राहिलं ते दूरदर्शनचं स्वतःचं डीटीएच, डीडी फ्री डिश. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने ते सुरू झालं. महिन्याचं शुल्क नाही, दूरदर्शनच्याच शब्दांत एकदाच सुमारे २००० रुपयांचा खर्च.

म्हणजे घरातला अँटेना नाही, छत्री.

काकूंचा चेहरा पडला. छत्री म्हणजे भिंतीत बोल्ट, घरमालकाची परवानगी, सोसायटीचा नियम. या सोसायटीत गच्चीवर नव्या छत्र्यांना बंदी होती, दर्शनी भिंतीवर तर होतीच. आता प्रश्न एवढाच उरला की छत्री घराच्या आत, कशालाही भोक न पाडता बसते का.

बाल्कनीतली छत्री

फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५, नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडलेला, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर विषुववृत्ताच्या वर. नाशिकहून पाहिलं तर तो आग्नेयेला, उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने सुमारे १३४ अंशांवर, आणि क्षितिजापासून ५७ ते ५८ अंश वर. दुसरा आकडा फ्लॅटवाल्यांसाठी आनंदाचा आहे. उपग्रह इतका चढा असल्यामुळे समोरच्या इमारती फारशा आड येत नाहीत. समोर दहा मीटर उंच भिंत असेल आणि ती सहा-सात मीटर दूर असेल तरी तिच्या डोक्यावरून लहर येते. त्रास वेगळ्याच गोष्टीचा होतो: वरच्या मजल्याच्या बाल्कनीचा स्लॅब.

या फ्लॅटची बाल्कनी पूर्वेला होती, आतून रेलिंगपर्यंत सव्वा मीटरच्या आसपास. पूर्व ९० अंश, उपग्रह १३४ अंशांवर, म्हणजे बाल्कनीत उभं राहून समोर नाही तर उजवीकडे तिरपं, ४४ अंश वळून बघायचं. त्यातून दोन गोष्टी ठरल्या. एक, छत्री बाल्कनीच्या डाव्या टोकाला हवी, उजव्या टोकाला बाजूची भिंत आड येते. दोन, ती रेलिंगच्या जवळ हवी. छताची उंची २.९ मीटर, छत्रीची वरची कड जमिनीपासून सव्वा मीटर, तर ५७-५८ अंशांनी वर जाणारी रेघ स्लॅबच्या बाहेरच्या कडेखालून सुटायला छत्री त्या कडेपासून आत पाऊण मीटरपेक्षा जास्त असून चालत नाही. आम्ही अर्धा मीटर ठेवलं. खडूने फरशीवर रेघ मारली, दोऱ्याला एक टोक रेलिंगपाशी बांधून दुसरं आकाशाकडे धरलं, फोनमधल्या कोनमापकाने कोन बघितला. नाशिकमध्ये होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक नगण्य आहे, त्यामुळे फोनचं होकायंत्र चालतं. फक्त लोखंडी रेलिंगपासून लांब, खोलीच्या मध्ये उभं राहून दिशा घ्यावी. रेलिंगजवळ काटा भलतीकडेच जातो. मी दिशा बेडरूममध्ये घेतली आणि समोरच्या इमारतीवरची एक टाकी खूण म्हणून धरली.

वाऱ्याचं पाहावं लागतं, तिसऱ्या मजल्यावरून काही खाली पडलं तर कुणाच्या डोक्यात. नाशिकला मे महिन्यात वळवाच्या आधीचा वारा येतो तो असा-तसा नसतो, आणि दोन फुटी छत्री वाऱ्याला पूर्ण छाती देते. पत्र्याचं छोटं स्टँड बनवून घेतलं, त्याच्या पायांवर पेव्हर ब्लॉक रचले, एकूण तीसेक किलो. शिवाय रेलिंगला क्लॅम्प, आणि क्लॅम्प सुटलाच तर अडकायला वेगळी तार. यात कुठेही ड्रिल नाही. केबल आत नेण्याचा प्रश्न एसीने सोडवला: आधीच्या भाडेकरूने एसी काढून नेला होता, पाइपचं भोक भिंतीत तसंच होतं, कापड कोंबलेलं. त्यातून आरजी-६ केबल आली. बाहेरच्या बाजूला केबलला खाली एक लोंबता वळसा ठेवला, म्हणजे पावसाचं पाणी केबलवरून ओघळून घरात न येता तिथेच गळून पडतं.

आता ट्यूनिंग. बॉक्सच्या मेन्यूत दोन पट्ट्या दिसतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. लोक पहिलीकडे बघत बसतात. पहिली तर छत्री भिंतीकडे वळवली तरी बऱ्यापैकी भरलेली राहते, ती केबल आणि एलएनबी (छत्रीसमोरच्या दांड्यावरचा, सिग्नल पकडणारा छोटा डबा) जिवंत आहे एवढंच सांगते. बघायचं दुसरीकडे. छत्री बोटभर हलवायची, दोन-तीन सेकंद थांबायचं, मग पुन्हा. घाईघाईने फिरवली तर बॉक्सला सिग्नल ओळखायला वेळच मिळत नाही.

क्वालिटी आली, पण स्कॅनमध्ये भलतीच चॅनेल आणि सगळ्यांवर कुलूप. हा इथला नेहमीचा चकवा. ९५ अंशांवर एका खासगी डीटीएच सेवेचा उपग्रह आहे, दोघांत फक्त दीड अंशाचं अंतर. दोन फुटी छत्रीला दीड अंश म्हणजे बोल्टचा अर्धा फेरा. छत्री किंचित पश्चिमेकडे सरकवली आणि फ्री डिशची चॅनेल आली. (याच कारणाने, त्या सेवेची जुनी छत्री घरावर पडून असेल तर नवी विकत घेण्याची गरज बहुधा नसते, तीच जरा वळवून बॉक्स तेवढा घ्यायचा.)

तरी क्वालिटी निम्म्यावरच अडकली. कारण एलएनबी. तो पट्टीत सरळ उभा बसवलेला होता, दुकानातून आला तसा. उपग्रहाच्या लहरी उभ्या आणि आडव्या अशा दोन दिशांत येतात. नाशिकच्या अक्षांशावरून इतक्या पूर्वेकडच्या उपग्रहाकडे बघताना या दिशा आपल्याला चाळीस-पंचेचाळीस अंशांनी कललेल्या दिसतात. एलएनबी सरळ ठेवला तर तो उभ्या-आडव्याच्या जवळपास मधोमध येतो, म्हणजे सर्वांत वाईट जागी. त्याला त्याच्या पकडीत हळूहळू पिळत गेलो आणि काका आतून आकडा ओरडत राहिले. एका जागी आकडा एकदम वर गेला. तिथेच आवळला. छत्री बसवणारे बरेच जण ही पायरी गाळतात, कारण कोरड्या हवेत तिच्याशिवायही चित्र येतं. बिल फाडून माणूस गेला, की पावसाळ्यात कळतं.

बॉक्स घेताना एक काळजी घेतली होती. फ्री डिशवर जुन्या एमपेग-२ आणि नव्या एमपेग-४ अशा दोन्ही पद्धतींची चॅनेल असतात. शालिमारकडच्या दुकानात स्वस्तातला जुना बॉक्स पुढे केला गेला, तो फक्त पहिल्या प्रकारची दाखवतो. आम्ही एमपेग-४ घेतला. टीव्हीच्या मागे उपग्रहाचं वेगळं सॉकेट असतं तर बॉक्सही लागला नसता. भारतीय मानक ब्यूरोने अंगभूत उपग्रह ट्यूनर असलेल्या टीव्हींसाठी आयएस १८११२:२०२२ हे मानक काढलं आहे, पण काकांच्या टीव्हीला एकच सॉकेट, अँटेनाचं. नवीन टीव्ही घेणाऱ्याने मागची पट्टी वाचावी, तिथे ‘एस२’ लिहिलेलं असेल तर छत्रीची केबल थेट टीव्हीत जाते.

काय मिळालं, काय नाही

सह्याद्री मिळालं, बातम्या मिळाल्या, डीडी स्पोर्ट्स मिळालं, काही खासगी मराठी आणि बरीचशी हिंदी चॅनेल, वर आकाशवाणीची देशभरातली केंद्रं. खर्च दोन हजारांच्या थोडा वर गेला, स्टँड वेगळं बनवल्यामुळे. चिकटवायचा अँटेना आणि बूस्टर मुदतीत परत केला.

त्रास दोन राहिले. खूप जोराच्या सरीत चित्र काही मिनिटं जातं. ११ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींना पावसाचे थेंब शोषून घेतात, त्याला इलाज मोठी छत्री एवढाच आणि बाल्कनीत ती बसणार नाही. नाशिकचा पाऊस इगतपुरीसारखा नाही, म्हणून हे सोसण्यासारखं आहे. इगतपुरीत याच छत्रीची मी शिफारस केली नसती. दुसरा त्रास चॅनेलच्या यादीचा. फ्री डिशवरच्या खासगी वाहिन्यांच्या जागा लिलावाने दिल्या जातात, त्यामुळे आवडतं चॅनेल अचानक गायब होतं किंवा त्याचा क्रमांक बदलतो. काकूंना वाटलं बॉक्स बिघडला. पुन्हा स्कॅन कसं करायचं ते रिमोटच्या बटणांचे रंग लिहून कागदावर उतरवून दिलं आणि तो कागद टीव्हीच्या मागे चिकटवला.

काकांनी एकदा फोन करून विचारलं, मोबाइलवर इंटरनेटशिवाय टीव्ही येणार आहे म्हणतात, त्यासाठी थांबायला हवं होतं का? डायरेक्ट टू मोबाइल म्हणतात ते हे. त्याच्या चाचण्या झाल्या, ४७० ते ५८२ मेगाहर्ट्झचा पट्टा त्यासाठी राखण्याची चर्चा २०२४ मध्ये झाली. पण त्यासाठी फोनमध्ये वेगळी चिप लागते आणि काकांच्या भिंतीवरच्या टीव्हीला त्याचा उपयोग नाही. थांबण्यासारखं त्यात काही नव्हतं.

बाल्कनीतली छत्री बघून त्याच विंगेतल्या आणखी काही घरांनी विचारणा केली. त्यांतल्या पश्चिमेकडे तोंड असलेल्या फ्लॅटना मी सरळ नाही सांगितलं, आग्नेय दिसल्याशिवाय काही होत नाही. त्यांच्यासाठी एकच मार्ग आहे, गच्चीवर सोसायटीची एक सामाईक छत्री, अनेक तोंडांचा एलएनबी आणि मल्टिस्विच, तिथून प्रत्येक घराला केबल. सचिवांनी विषय पुढच्या सभेत घ्यायचं मान्य केलं आहे. अंदाजपत्रक मी दिलं आहे, त्यात छत्रीपेक्षा केबलचाच खर्च जास्त निघाला.